सरदाराचा होकार आणि सरकारचा शिक्का : फिजीच्या गावात काम कसं सुरू करावं

फिजीत शिकवायला जाणारे, प्रवाळावर संशोधन करणारे, संस्थेतर्फे पाण्याची योजना राबवणारे किंवा रिसॉर्टसाठी जागा बघणारे, सगळ्यांची गाडी साधारण दोनच जागी अडते. एक तर राजधानी सुवातल्या कार्यालयाचं पत्र घेऊन माणूस थेट गावात जातो. गाव त्याला चहा पाजतं, हसून बोलतं, पण काम काही पुढे सरकत नाही. नाहीतर गावचा सरदार मान डोलावतो, सगळे खूश होतात, आणि दोन वर्षांनी कळतं की कागदावर काहीच झालेलं नाही.

सरदारकी आणि सरकार या इथे एकाच उतरंडीतल्या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत. दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी चालतात आणि एकीचा होकार दुसरीला बांधील नसतो. दोन्हीकडून परवानगी घ्यावी लागते, तीही ठरलेल्या क्रमाने.

आधी वस्ती कसली आहे ते बघा

मूळ फिजीयन लोकांना इताउकेई म्हणतात आणि त्यांच्या नोंदलेल्या गावाला कोरो. पुढे सांगितलेले सगळे रिवाज कोरोसाठी आहेत. बा, लाउतोका, लाम्बासा या उसाच्या पट्ट्यात १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) आणलेल्या भारतीयांच्या वंशजांच्या वस्त्या आहेत. तिथे सरदार नसतो. तिथेही संध्याकाळी यांगोना, म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या मुळांचं पेय, घोटतात (फिजी हिंदीत ‘नंगोना’ किंवा ‘ग्रोग’), पण तो गप्पांचा अड्डा असतो. त्यात परवानगीचा भाग नसतो. अनेक भारतीय पाहुणे या दोन्ही ठिकाणी एकसारखं वागतात आणि कोरोत शिरताना सवयीने थेट ओळखीच्या घरी जाऊन बसतात. कोरोत ही पहिली चूक ठरते.

नकाशावरची नावं वाचून विचारू नका, ऐकून शिका. लिहिलेलं ‘नादी’ बोलताना ‘नान्दी’ होतं, ‘बेका’ बेट ‘म्बेंगा’ होतं आणि ‘सिगातोका’ची ‘सिंगातोका’ होते. फोनवर चुकीचं नाव उच्चारलं तर समोरचा भलत्याच गावचा पत्ता देऊ शकतो.

कोण कोण आहे

वंशाच्या बाजूने सगळ्यात लहान गट म्हणजे तोकातोका, काही जवळची कुटुंबं. अशा गटांची मिळून मतांगाली, मतांगालींची मिळून यावूसा, आणि यावूसांची मिळून वनुआ. जमिनीची मालकी बहुतेक ठिकाणी मतांगालीच्या नावावर असते. प्रत्येक पायरीला आपापला प्रमुख असतो. सगळ्यात वर कुबुना, बुरेबासांगा आणि तोवाता हे तीन महासंघ. रोजच्या कामात तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

सरकारच्या बाजूने कोरो, त्यावर तिकिना, त्यावर यासाना म्हणजे प्रांत. प्रांत १४ आहेत. गावात सरकारचं तोंड म्हणजे तुरांगा नि कोरो. त्याला गावकरी निवडतात आणि सरकार भत्ता देतं. तो सरदार नव्हे. अनेकदा तो साध्या घरातला, धावपळ करणारा माणूस असतो, आणि बाहेरच्यांच्या दृष्टीने गावातला सगळ्यात उपयोगी माणूस तोच. प्रांताच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याचं पदनाम रोको तुई आहे. ऐकायला राजेशाही वाटतं, पण तो पगारी नोकर आहे. याउलट रातू (स्त्री असेल तर आंदी, रेवा भागात रो) हे सरदार घराण्यातल्या कोणाच्याही नावापुढे लागतं. त्यावरून माणूस गादीवर आहे की नाही हे कळत नाही. कुठल्याशा ‘रातू’शी हॉटेलात ओळख झाली आणि त्याच्या भरवशावर कामाला सुरुवात केली, ही फसगतीची नेहमीची वाट.

ही नीटनेटकी उतरंड अनादि काळापासूनची नाही. १० ऑक्टोबर १८७४ला लेवुकामध्ये थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी बेटं ब्रिटिशांच्या हवाली केली. पहिला कायम गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन याने सरदारांकरवीच कारभार चालवला आणि १८७६पासून सरदारांची परिषद भरवायला सुरुवात केली. मतांगाली हीच सगळीकडे जमीनमालक, हेसुद्धा त्या काळातल्या भूमी आयोगाने एकसारखं करून टाकलं. त्याआधी भागाभागात रीत वेगळी होती. म्हणून दोन मतांगालींमध्ये सीमेवरून वाद दिसला, तर ‘हे लोक परंपरा विसरले’ असं समजू नका. वादाचं मूळ बऱ्याचदा त्या नोंदींतच असतं.

गादीवर कोण आहे याची खात्री

हे काम प्रवासाआधी उरका. इताउकेई भूमी व मत्स्य आयोगाकडे दोन गोष्टींची नोंद असते: कुठल्या मतांगालीत कोण जन्मलं (या नोंदवहीचं नाव वोला नि कावा बुला) आणि कुठली गादी कोणाकडे आहे. गादीवरचे वादही तोच आयोग ऐकतो. वडील मंडळींनी निवड करणं, विधिपूर्वक यांगोना पाजून गादीवर बसवणं आणि आयोगाने नोंद करणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून तिसरी झालीच असेल असं धरू नका.

गादी रिकामी असणं अजिबात दुर्मीळ नाही. कुबुनाचा सर्वोच्च सरदार म्हणजे बाऊ बेटावरचा वुनिवालू. सर जॉर्ज थाकोम्बाऊ १९८९मध्ये वारल्यावर ती गादी तीस वर्षांहून जास्त काळ रिकामी होती. वर हे चित्र, तर खालच्या पातळीवर काय असेल याचा अंदाज करा. प्रांत कार्यालयात सरळ विचारा: गादी भरलेली आहे का, वाद आयोगापुढे आहे का, आणि तूर्त गावाच्या वतीने कोण बोलतं? वाद चालू असेल तर पत्रात कोणाच्याही नावापुढे पदवी लिहू नका. ‘गावचे ज्येष्ठ व तुरांगा नि कोरो यांस’ एवढाच मायना ठेवा. चुकीच्या माणसाला पदवी लावलेलं पत्र दुसरा गट जपून ठेवतो आणि पुढे पुरावा म्हणून काढतो.

क्रम

संशोधन असेल तर इमिग्रेशनची परवानगी आणि इताउकेई व्यवहार मंत्रालयाची संमती आधी. मग प्रांत कार्यालयाचं पत्र. त्यानंतर तुरांगा नि कोरोला फोन. तोच दिवस सुचवेल. रविवार टाळा, त्या दिवशी गाव चर्चचं असतं. गावात मयत झालं असेल तर थांबा. मोठा सरदार गेला असेल तर शंभर रात्रींपर्यंत काही बंधनं पाळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या काळात समुद्राचा एखादा भाग मासेमारीसाठी बंद ठेवतात. गावसभेचा दिवस मात्र चांगला. लोक जमलेले असतात आणि विषय एकदाच मांडावा लागतो.

यांगोनाची खरेदी

गावात पहिल्यांदा शिरताना जी भेट द्यायची तिला सेवूसेवू म्हणतात. त्यात यांगोनाची वाळवलेली मुळं असतात. बाजारात दोन माल मिळतात: वाका म्हणजे खरी मुळं, आणि लेवेना म्हणजे बुडख्याचे, खोडाचे तुकडे. लेवेना स्वस्त असते आणि कमी दर्जाची समजली जाते. भेटीला वाकाच घ्या, अखंड मुळांची. कुटलेली पूड प्यायला चालते, भेट म्हणून शोभत नाही. सुवा, नान्दी आणि लाउतोकाच्या मंडईत अर्धा किलोची तयार बांधलेली जुडी मिळते. एका छोट्या गटासाठी ती पुरते. फेब्रुवारी २०१६च्या विन्स्टन चक्रीवादळात बागा झोपल्या आणि भाव खूप चढले, त्यामुळे जुन्या माहितीवरून पैसे धरून जाऊ नका. जुडी हातात घेऊन वाकवून बघा. मुळं कडकडीत मोडली पाहिजेत. वाकली तर ओल आहे आणि बुरशी धरेल.

दोन जुड्या घ्या. दुसरी निघायच्या दिवशी लागते, तिला इ तातौ म्हणतात. निरोप घेताना रिकाम्या हाताने उठणारा पाहुणा गावाच्या फार लक्षात राहतो. जुडीऐवजी पैशाचं पाकीट देऊ नका. ताम्बुआ म्हणजे स्पर्म व्हेलचा दात ही याहून वजनदार भेट असते, पण ती लग्न, क्षमायाचना किंवा मोठी मागणी अशा प्रसंगांसाठी. परक्याने त्या वाटेला जाऊ नये.

गावात शिरताना आणि बैठकीत

स्त्री-पुरुष दोघांनीही गुडघ्याखाली जाणारा सुलू, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, नेसावा. खांदे झाकलेले हवेत. गावाच्या हद्दीपासूनच टोपी आणि गॉगल काढायचा, पाठीवरची सॅक हातात घ्यायची. कोणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्या सुद्धा. आपल्याकडे कौतुकाने पोरांच्या केसांतून हात फिरवायची सवय असते, ती इथे आवरा. बसलेल्या लोकांमधून जायची वेळ आली तर वाकून, ‘तुलोऊ’ म्हणत जा. कोणाच्या डोक्यावरून वस्तू काढतानाही तोच शब्द.

तुरांगा नि कोरो तुम्हाला सरदाराच्या घरी किंवा गावाच्या सभागृहात नेईल. चप्पल बाहेर. चटईवर मांडी घालून बसायचं, पाय कोणाच्या दिशेने पसरायचे नाहीत. मोकळी जागा दिसली म्हणून पुढे सरकू नका, खोलीची एक बाजू मानाची असते. तुम्ही मागच्या दाराजवळ बसा, बोलावलं तर पुढे जा. मध्ये तानोआ, यांगोना कालवायचं लाकडी भांडं. त्याला नारळाच्या काथ्याची दोरी असते आणि टोकाला कवड्या. दोरीचं टोक मानकऱ्याकडे रोखलेलं असतं. ती दोरी ओलांडायची नाही.

जुडी दोन्ही हातांनी समोर ठेवा. बोलणं तुमच्या वतीने कोणीतरी करावं, आणि ते आधीच ठरवून घ्या. सरदाराकडूनही तो स्वतः नाही, त्याचा माता नि वनुआ म्हणजे प्रवक्ता बोलतो. तुमच्या माणसाला चार गोष्टी अचूक सांगून ठेवा: तुम्ही कोण, कुठून, कशासाठी आणि किती दिवस. इथेच बऱ्याच जणांचं पुढचं काम बिघडतं. ‘फिरायला आलोय’ म्हणून सेवूसेवू द्यायचं आणि तिसऱ्या दिवशी प्रश्नावली किंवा कॅमेरा काढायचा, हे गावाला फसवणूक वाटतं. ज्या कारणासाठी भेट स्वीकारली त्याच कारणापुरता तो होकार असतो. काम बदललं तर पुन्हा जुडी, पुन्हा बैठक. ड्रोन उडवायचा असेल, दफनभूमीजवळ जायचं असेल किंवा पाण्याचे नमुने घ्यायचे असतील, तर तेही पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

भेट स्वीकारली की ओंजळीसारखे पोकळ तळवे करून टाळ्या वाजतात. याला थोम्बो म्हणतात. त्यानंतर पेय कालवतात. पहिली वाटी सरदाराला, मग त्याच्या माणसाला, मग पाहुण्यांना. नारळाच्या करवंटीची वाटी (बिलो) तुमच्यासमोर आली की एकदा टाळी, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात संपवायचं, वाटी परत द्यायची आणि तीन टाळ्या. चव मातकट, कडवट असते. जीभ आणि ओठ थोडे बधिर होतात. तो दोष समजू नका, चांगल्या मालाची ती खूणच. अर्धी वाटी हवी असेल तर ‘लो टाइड’ म्हणा, सगळ्यांना कळतं. पहिली वाटी नाकारू नका. पुढच्या फेऱ्यांना नम्रपणे नाही म्हटलं तर चालतं. यकृताचा आजार असेल किंवा झोपेची औषधं चालू असतील तर तुरांगा नि कोरोला आधी कानावर घाला, तो सांभाळून घेतो. प्यायल्यावर गाडी चालवू नका आणि त्यावर दारू घेऊ नका.

शाकाहारी असाल तर तेही आधी सांगा. दालो (अळूचा कंद), कसावा, नारळाच्या दुधातली रोउरोउ (दालोची पानं) हे रोजचं जेवण आहे, त्यामुळे अडत नाही. ऐनवेळी ताटातला मासा बाजूला सारला तर मात्र रांधणाऱ्या बाईला वाईट वाटतं.

बैठकीत राजकारण काढू नका. १९८७, २०००, २००६ ही सत्तापालटांची तीन सालं नुसती उच्चारली तरी खोलीतल्या लोकांचे गट पडू शकतात.

सरदारांच्या हातात आता काय आहे

हे कळल्याशिवाय गावातली बोलणी कळत नाहीत. १९७०च्या घटनेत सिनेटच्या २२ जागांपैकी ८ सरदार परिषदेच्या हातात होत्या. १९९७च्या घटनेत ३२पैकी १४ जागा आणि शिवाय राष्ट्राध्यक्षाची नेमणूक. २००६च्या लष्करी उठावानंतर लष्करप्रमुख बैनीमारामा यांच्या सरकारने परिषद आधी स्थगित केली आणि मार्च २०१२मध्ये बरखास्तच केली. २०१३च्या घटनेत सिनेटच नाही. मे २०२३मध्ये परिषद बाऊ बेटावर पुन्हा भरली आणि नव्या कायद्याने ती परत आली, पण जुने अधिकार आले नाहीत. ती सल्ला देते, राष्ट्राध्यक्ष नेमत नाही.

पैशाच्या बाबतीतही तसंच. पूर्वी जमिनीच्या भाड्यातून भाडेपट्टे देणाऱ्या मंडळाचा वाटा वजा झाल्यावर ५, १० आणि १५ टक्के तीन पातळ्यांवरच्या सरदारांना मिळत, उरलेले ७० टक्के सदस्यांना. २०११पासून सगळ्यांना समान वाटप आहे. म्हणजे आजचा सरदार सिनेटमध्ये जागा देऊ शकत नाही, भाडं वळवू शकत नाही आणि गावाच्या नियमांमागे त्याच्याकडे पोलिसांचा दंडुका नाही. तरी त्याने नाराजीने मान फिरवली की श्रमदानाला कोणी येत नाही. बाहेरचे लोक या दोन्ही बाजूंनी चुकतात: एक तर त्याला राजा समजतात, नाहीतर शोभेचा बाहुला.

जमीन हवी असेल तर

देशाची ८७ टक्क्यांच्या आसपास जमीन इताउकेई मालकीची आहे. ती विकली जात नाही, कोणत्याही किमतीला. ‘विकत देतो’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. मिळतो तो भाडेपट्टा, आणि तो देण्याचा अधिकार सरदाराला नाही, मतांगालीलाही नाही. १९४०च्या कायद्याने तो आज इताउकेई लँड ट्रस्ट बोर्ड या नावाने चालणाऱ्या मंडळाकडे आहे. मतांगालीची जमीन म्हणजे शेकडो सहहिस्सेदार असलेलं सामाईक खातं समजा, फक्त सही करणारा खातेदारांतला कोणीच नाही.

रीत अशी. मंडळाच्या कार्यालयात नकाशावर तुकडा दाखवून तो कुठल्या मतांगालीचा आहे आणि राखीव (फक्त इताउकेईंसाठी ठेवलेला) आहे का ते बघा. राखीव असेल तर तो आधी मोकळा करून घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो. मग अर्ज आणि शुल्क. मंडळाचा माणूस जागा पाहतो, प्रौढ सदस्यांच्या संमतीच्या सह्या गोळा होतात. यातले बरेच जण सुवात किंवा परदेशात असतात, म्हणून सह्यांना महिने लागतात. त्यानंतर देकारपत्र, अनामत रक्कम, मोजणी आणि शेवटी नोंदणी. शेतीचा पट्टा १९७६च्या कायद्याखाली ३० वर्षांचा, भाडं सुधारणा न केलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत. घर किंवा हॉटेलसाठी ९९ वर्षांपर्यंत मिळू शकतो.

याला बगल देणारी पद्धत म्हणजे वाकावनुआ. यांगोना दिला, सरदाराच्या हातात पैसे ठेवले, घर बांधलं. स्वस्त आणि झटपट, म्हणून पुष्कळ लोक करतात. मंडळाच्या संमतीशिवायचा असा व्यवहार कोर्टात टिकत नाही, बँक त्यावर कर्ज देत नाही, आणि सरदार वारला की त्याचा पुतण्या नव्याने मागणी करायला मोकळा. उलट चूकही होते: नोंदणीकृत पट्टा हातात आला म्हणून गावाशी बोलणंच बंद. पट्टा संपतो तेव्हा नूतनीकरणाला पुन्हा त्याच लोकांची संमती लागते. १९९७पासून शेतीचे पट्टे संपू लागले, तेव्हा हजारो भारतीय वंशाच्या ऊस शेतकऱ्यांना पिढ्यांची शेतं सोडावी लागली. भाड्याखेरीज ‘सदिच्छा’ म्हणून रोख मागितली जाते, तिची पावती मागा. मिळत नसेल तर मंडळाकडे लेखी कळवा. भाडं नेहमी मंडळाकडेच भरा.

समुद्र

इथे गोंधळ आणखी वाढतो. किनारा आणि समुद्रतळ सरकारचा, मासेमारीचा पारंपरिक हक्क गावांचा. अशी नोंदलेली हक्कक्षेत्रं चारशेहून अधिक आहेत. त्यांना न्गोलिंगोली (qoliqoli) म्हणतात, आणि समोरच्या गावाचीच असतील असं नाही. मत्स्य विभागात क्षेत्राचा नकाशा बघून मगच सेवूसेवू कुठे न्यायचा ते ठरवा. व्यापारी मासेमारीच्या परवान्याला हक्कदारांचं संमतिपत्र जोडावं लागतं. सर्फिंगचं उलटं: तावारुआ बेटाजवळच्या क्लाउडब्रेकसारख्या लाटांवर पूर्वी गावांशी करार करून एकट्याची मक्तेदारी चाले. २०१०च्या हुकुमाने ती संपवून लाटा सगळ्यांना मोकळ्या केल्या.

तांबू, म्हणजे गावाने बंद ठेवलेलं क्षेत्र, बहुतेकदा सरकारच्या नकाशावर दिसत नाही. पाण्यात रोवलेली एखादी काठी किंवा तरंगता फुगा एवढीच खूण असते. वेराता भागातल्या उथुनिवनुआ गावाने १९९७मध्ये कायकोसो शिंपल्यांसाठी २४ हेक्टर असंच बंद केलं. काही वर्षांत तिथले आणि आजूबाजूचे शिंपले वाढले आणि ती रीत देशभर पसरली. संशोधनासाठी नमुने घेताना तांबूची हद्द गावातल्या माणसाला होडीत बरोबर घेऊन जीपीएसवर नोंदवा आणि नोंदीची एक छापील प्रत तुरांगा नि कोरोकडे ठेवा. तांबू कधी उघडणार हे मात्र दर वेळी नव्याने विचारा, कारण लग्न, चर्चचा निधी किंवा मयत यासाठी तो एक-दोन दिवस अचानक उघडतात आणि तुमची मोजमापं त्या आठवड्यात निरुपयोगी ठरतात.